चक्कर कानातली, इलाज डोकं फिरवण्याचा

अंथरुणात कूस बदलली किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबतेही. असं झालं की आपल्याकडे पहिला संशय मानेच्या मणक्यावर जातो. एक्स-रे निघतो, मानेला पट्टा लागतो, गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. पण अशा चक्करचं सर्वांत नेहमीचं कारण आतल्या कानात असतं. आजाराचं नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, थोडक्यात बीपीपीव्ही.

आतल्या कानात युट्रिकल नावाची पिशवी असते. तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. डोकं कललं हे आपल्याला कळतं ते त्यांच्या वजनामुळे. वयोमानाने किंवा डोक्याला मार लागल्यावर काही स्फटिक सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, जाऊन पडतात. मग डोकं हललं की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव ढकलतात आणि डोकं स्थिर झाल्यावरही ‘फिरतंय’ असा निरोप मेंदूला जात राहतो. त्याबरोबर डोळेही लयीत झटके देतात. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडलेली तपासणी या झटक्यांवरच उभी आहे. रुग्णाची मान एका बाजूला वळवून त्याला चटकन आडवं करायचं आणि डोळे पाहायचे, बस्स. त्यासाठी स्कॅन लागत नाही.

इलाजाला मात्र आणखी कितीतरी वर्षं गेली. हट्टी चक्करसाठी कानातली नस कापण्याची शस्त्रक्रिया होत असे. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांनी वेगळा विचार केला: कण सुटे असतील, तर गुरुत्वाकर्षणच त्यांना परत नेईल. मान बिघाड असलेल्या कानाकडे ४५ अंश वळवून रुग्णाला डोकं किंचित खाली लोंबेल असं निजवायचं, डोकं दुसरीकडे फिरवायचं, मग कुशीवर वळवून नाक जमिनीकडे न्यायचं आणि शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबायचं. गोळी नाही, चाकू नाही, म्हणूनच कदाचित सहकाऱ्यांनी त्यांची खिल्ली उडवली. शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. त्याच वर्षी पार्न्स आणि मॅक्ल्युअर या कॅनडातल्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत उघडलेल्या नलिकेत तरंगते कण प्रत्यक्ष पाहिल्याचं नोंदवलं.

आज ही पद्धत जगभर मान्य आहे आणि अनेकांना एकाच बैठकीत आराम पडतो. म्हणून रुग्णाला नुसत्या गोळ्यांवर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं; गोळीने मळमळ दबेल, कण जागचे हलणार नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञांना ‘डिक्स-हॉलपाइक तपासणी कराल का?’ असं जरूर विचारा. मात्र चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो. तडक रुग्णालय गाठा.

हा आजार उलटतो, हे खरं. त्यावर दक्षिण कोरियात सुमारे साडेनऊशे रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं.