चिखलकुंड (भूऔष्णिक)

जमिनीखालच्या उष्णतेने सतत खदखदणारे दाट चिखलाचे उथळ कुंड. कोकणातल्या उन्हाळ्यांचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा, हा भाऊबंद. पण याच्या वाट्याला पाणी कमी आणि वाफ जास्त येते.

वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड वर येतो. नासक्या अंड्यासारखा वास त्याचाच. पृष्ठभागाजवळ हवा आणि सूक्ष्मजीव मिळून त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल भोवतालचा खडक खाऊन त्याची माती करते. म्हणजे हा चिखल कुठून वाहून आलेला नसतो, तो जागच्या दगडाचाच असतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये; त्याची काळी जमीनही बेसाल्ट झिजूनच झाली आहे. मात्र तिथे हे काम ऊनपावसाने फार सावकाश केले आणि जी माती झाली ती ओलीत फुगणारी, उन्हात भेगाळणारी. कुंडात आम्लामुळे बहुधा पांढरट केओलिनाइट (चिकणमातीचे एक खनिज) तयार होते. लोहाच्या संयुगांनी त्याला गुलाबी, तांबूस वा करडी छटा येते.

दिसायला चुलीवरचे पिठलेच. चिखलाचा पापुद्रा फुगतो, घुमटासारखा ताणतो, ‘बुळुक’ करून फुटतो आणि मागे वर्तुळे उरतात. पावसाळ्यात चिखल आमटीइतका पातळ असतो. कोरड्या दिवसांत तो घट्ट होऊन गोळे उडवतो आणि काठावर छोटे सुळके रचतो.

बहुतेक प्रसिद्ध कुंडांभोवती फिरणे सोपे आहे. अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये फाउंटन पेंट पॉटभोवती सुमारे 800 मीटरची लाकडी पायवाट आहे. न्यूझीलंडमधील रोटोरुआ शहरातल्या कुइराउ बागेत तर सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी फिरावे तितक्या सहज, विनातिकीट फिरता येते. त्याच बागेत 2001 मध्ये स्फोट होऊन चिखल आणि दगड उडाले होते, हेही ध्यानात असावे. कुंडाकाठची कोरडी दिसणारी जमीन पापडासारखी पातळ असू शकते. 1865 मध्ये कॅलिफोर्नियात बंपास नावाच्या माणसाचा पाय अशाच जागी खचून भाजला आणि पुढे कापावा लागला. ती जागा आज ‘बंपास हेल’ म्हणून ओळखली जाते.

सोलापूर जिल्ह्यात चिखलकुंड नाही. इथला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो केव्हाच थंड झाला. कोकणात तुरळ, उन्हवरे येथे खोल भेगांतून तापलेले पाणी वर येते, पण आम्लधर्मी वाफ नसल्याने ते नितळच राहते. भारतात अशी कुंडे पाहायची तर लडाखचे पुगा खोरे. अंदमानच्या बाराटांगला जाऊन आलेले अनेक जण तिथला बुडबुडणारा चिखल याच जातीचा समजतात. पण तो उष्णतेने नव्हे, वायूच्या दाबाने वर येतो आणि हाताला थंड लागतो.

जाताना चांदीचे पैंजण, जोडवी शक्यतो घरी ठेवावीत. गंधकाच्या वाफेने ती काळवंडतात.