फॉस्टर केअरमधल्या अल्पवयीन मुलांचं इमॅन्सिपेशन (कॅलिफोर्निया)

अठरा पूर्ण व्हायच्या आधीच एखाद्या मुलाला कायद्याने सज्ञानासारखे हक्क द्यायचे, याला अमेरिकेत इमॅन्सिपेशन म्हणतात. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, इथे कॅलिफोर्नियाचं बघू. लग्न झालं किंवा सैन्यात गेलं की ते होतं, नाहीतर कोर्टात अर्ज करायचा. वय किमान १४ हवं, मूल स्वतःच्या मर्जीने आईवडिलांपासून वेगळं राहत असलं पाहिजे आणि त्याला त्यांची निदान हरकत नको, पैशाचे व्यवहार स्वतः बघत असलं पाहिजे, कमाई गुन्ह्यातली नको. एवढं सगळं असूनही हे मुलाच्या हिताचं नाही असं जजला वाटलं तर अर्ज नामंजूर.

फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांकडून काढून सरकारी देखरेखीखाली दुसरीकडे ठेवलेल्या मुलांचं घोडं अडतं ते इथेच. त्यांचा ताबा ज्युवेनाईल कोर्टाच्या (मुलांसाठीच्या कोर्टाच्या) हुकमाने काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडे असतो, राहण्याखाण्याचा खर्च सरकारी पैशातून, मग मी माझं भागवतो हे दाखवणार कसं? शाळा सुटत नाही आणि अल्पवयीनांच्या कामाच्या तासांवर बंधन आहे, त्यात भाडं निघणं फार कठीण. अर्जाची नोटीस काउंटीच्या वेल्फेअर खात्यालाही जाते.

आणि अर्ज मंजूर झाला तरी हातातून काय जातं ते बघा. २०१० साली झालेल्या एबी १२ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे तिथे २१ वर्षांपर्यंत फॉस्टर केअरमध्ये राहता येतं (२०१२ पासून टप्प्याटप्प्याने लागू), शिक्षण किंवा महिन्याला ८० तास काम अशा अटींवर, पण अठराव्या वाढदिवसाला मूल फॉस्टर केअरच्या ऑर्डरखाली असावं लागतं. २६ वर्षांपर्यंतच्या मोफत मेडी-कॅलचंही (राज्याच्या सरकारी आरोग्य विम्याचंही) तसंच. सोळाव्या वर्षी बाहेर पडणारं पोर हे दोन्ही गमावून बसू शकतं. बदल्यात मिळतं काय, तर करारावर सही, डॉक्टरकडे स्वतःची संमती, हवं तिथे राहायची मोकळीक. मतदान नाहीच. ही सगळी बेरीज-वजाबाकी अर्ज भरायच्या आधीच कोणीतरी मुलाला बसवून सांगायला हवी, कारण बहुतेकदा त्याला नको असतं ते घर, मदत नव्हे. घर बदलून मागायचं तर त्याला कोर्टाने दिलेला वकील असतो, सुनावणीत स्वतः बोलताही येतं, आणि १६ पासून स्वतंत्र राहायची तयारी करून घेणारा सरकारी प्रोग्रामही आहे.

बाहेर पडलेलं मूल पुढे अगदी निराधार झालं तर कोर्ट इमॅन्सिपेशन रद्द करू शकतं.

भारतात मुलाने अर्ज करून असं आधीच सज्ञान ठरायची सोय नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना १८ नंतर २१ पर्यंत आफ्टरकेअर, म्हणजे पुढची मदत, आहे.