सात महिन्यांचं पाणी आणि वर्षाचा मासा

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. कोकणातली तळी जुलैत ओसंडत असतात तेव्हा इथल्या पाझर तलावांत नुसती डबकी असतात. 1972 च्या दुष्काळात कामं निघाली तेव्हापासून असे तलाव जिल्हाभर झाले. पाणी जमिनीत मुरावं यासाठीच ते बांधलेले, त्यामुळे ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारा तलाव एप्रिलपर्यंत तळ दाखवू लागतो. भीमेवरच्या उजनीची किंवा 1871 मध्ये पूर्ण झालेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावाची गोष्ट निराळी. इथे बोलायचंय ते पाच-पंचवीस हेक्टरांच्या तळ्यांबद्दल. त्यांतून किती मासळी निघणार हे जाळ्यापेक्षा जास्त ठरतं ते बीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिलं, केवढं सोडलं यावर.

कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या, गढूळ पाण्यातच त्यांना अंडी घालण्याची चालना मिळते. साचलेल्या तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं. आजचं बहुतेक मत्स्यबीज त्याच वाटेनं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये केंद्रावर मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिलं, निघतात, दोन-तीन आठवड्यांत ते नखाएवढे होतात आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, व्हायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

तलाव भरला म्हणून सप्टेंबरात घाईनं दोन-तीन सेंटिमीटरचं बीज सोडलं तर दोन गोष्टी होतात. पहिली, मरळ ते खाऊन टाकते. तळं आटलं तरी मरळ चिखलात तग धरते, कारण तिला हवेतून श्वास घेता येतो. पाणी येताच ती भुकेली तयार असते. दुसरी अडचण हवामानाची. पाण्याचं तापमान 25 ते 32 अंश असताना या माशांची वाढ चांगली होते, डिसेंबर-जानेवारीत ती मंदावते. म्हणजे हातात उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीपासून पाणी संपेपर्यंतचे दिवस. एवढ्यात लहान बीज किलोभराचं होत नाही, आणि बाजारात भाव असतो तो किलोभराच्या माशाला.

यावर उत्तम उपाय म्हणजे वाढ रोखलेली बोटुकली. आदल्या हंगामाचं बीज शेततळ्यात दाट ठेवतात आणि जगण्यापुरतंच खाद्य घालतात. वर्षभरात ते जेमतेम वीतभर होतं. मोकळ्या पाण्यात सोडलं की तेच मासे झपाट्यानं वाढून मागं पडलेली वाढ बरीचशी भरून काढतात. शेततळ्यांच्या या जिल्ह्यात हा धंदा अजून कितीतरी वाढायला हवा. ते जमलं नाही तर निदान दहा सेंटिमीटरची बोटुकली घ्यावी. मोजताना विक्रेत्याच्या अंदाजावर जाऊ नये. कुठलीही एक पिशवी आपण निवडून ती पूर्ण मोजावी, मग पिशव्यांनी गुणावं.

संख्या ठरवताना काठोकाठ भरलेलं क्षेत्र धरलं की हिशेब फसतो. दहा हेक्टरांचा तलाव हंगामभर सरासरी पाचच हेक्टर असतो. वरून खाद्य घालणार नसाल तर त्या पाच हेक्टरांना हेक्टरी हजार-दीड हजार, म्हणजे पाच ते साडेसात हजार बोटुकली पुरे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात घेतात.

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर ऑक्सिजन असतो. ती बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळतं. तोंड उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. प्रवासात माशांच्या श्वासानं पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. थोडं थोडं तलावाचं पाणी आत घेत काही मिनिटांत मासे सोडून द्यावेत. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

जाळ्याचा आस, म्हणजे एक डोळा, ताणून, गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. शंभर मिलिमीटर आसाच्या जाळ्यात एका आसाचा घेर दोनशे मिलिमीटर होतो. डोकं त्यातून जातं पण अंग जात नाही, असा मासा कल्ल्यांच्या मागे अडकतो. कटल्याचं डोकं मोठं आणि अंग रुंद, म्हणून त्याच आसात लहान कटला अडकतो आणि त्याच्याच वजनाचा सडपातळ मृगळ सुटतो. एकाच आसावर सगळी भिस्त ठेवली की कटला अपुऱ्या वाढीचा निघतो. जाळं दोरीवर ओवताना शंभर मीटर ताणलेलं कापड पन्नास-साठ मीटर दोरीवर बसवावं. ते टाइट बसलं तर मासा धडकून परत फिरतो. नव्या पाण्यात काळ्या मातीचा गढूळपणा असेपर्यंत जाळं दिसत नाही. पाणी निवळल्यावर अंधाऱ्या रात्रीच बऱ्या, चांदण्यात मासा जाळं टाळतो. बारीक आसाचं वडाप नावाचं जाळं ओढून सगळंच गोळा करणं म्हणजे पुढच्या महिन्यांचं वजन आजच फुकट घालवणं.

मासळी काढायला मार्चमध्ये सुरुवात करावी आणि मोठी आधी काढावी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. रात्री शेवाळही श्वसन करतं, त्यामुळे पहाटे पाणी सर्वांत कोंदट असतं. मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर त्याच दिवशी जाळी लावावीत. मे महिन्यात उथळ तळ्यावर वळीव कोसळला की तळाचा कुजका गाळ ढवळला जातो आणि उरलेला ऑक्सिजनही संपतो. एका रात्रीत मेलेल्या माशांनी तळं पांढरं होतं ते त्यामुळे.

चिलापी (तिलापिया) मात्र सापडेल तेवढी काढावी. ती दोन-तीन महिन्यांतच अंडी घालू लागते आणि पिलं तोंडात सांभाळते, म्हणून त्यातली बरीच जगतात. गर्दी झाली की सगळी तळहाताएवढीच राहतात. आटत्या डबक्यात बारीक आसाचं जाळं ओढायला हरकत नाही, वर्षातली तेवढीच योग्य वेळ. त्या उन्हात जाळ्यातून काढलेल्या माशावर लगेच त्याच्याच वजनाइतका फोडलेला बर्फ घालावा, खाली एक थर आणि वर एक. गिऱ्हाईक आधी कल्ले उचलून बघतं. ते तपकिरी झाले की भाव पडतो.