रस्त्याकडेची झाडं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय

मोकळ्या रस्त्यावर चालक वेगाच्या काट्याकडे क्वचितच बघतो. आपण किती जोरात चाललो आहोत, हे त्याला डोळ्यांच्या कडा सांगतात. समोर दूरवरचं टोक जवळजवळ स्थिर दिसतं. बाजूच्या वस्तू मात्र मागे पळतात आणि त्या जितक्या जवळ, तितक्या जास्त वेगाने पळतात. गाडीपासून ३ मीटरवरचं खोड शेजारून जाताना ९ मीटरवरच्या खोडाच्या तिप्पट वेगाने नजरेतून सरकतं. दोन्ही बाजूंना सपाट मोकळं रान असेल तर सरकायला काहीच नसतं. मग ताशी ८० किलोमीटरचा वेगही संथ वाटतो आणि पाय नकळत दाबला जातो.

वेगाची सवय लागली की घोटाळा वाढतो. बराच वेळ ताशी १०० ने गाडी चालवल्यावर वेग कमी केला, तर आहे त्यापेक्षाही कमी वाटतो. गावाच्या वेशीवर ५० ची पाटी असते, चालक ब्रेक लावतो, ‘आता पुरेसं हळू झालं’ असं त्याला मनापासून वाटतं, आणि काटा ६५ वर असतो. तो नियम मोडायला निघालेला नसतो. त्याच्या मेंदूचं मोजमापच सरकलेलं असतं. म्हणून आणखी एक पाटी ठोकून फारसं साधत नाही. जे सांगायचं ते रस्त्याच्या रूपातूनच सांगावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये न्यूब्रिजला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं गेलं. वेगवान मार्ग संपून गोल चौक येत होता. त्याच्या अलीकडे रस्त्यावर आडवे पट्टे रंगवले आणि चौकाकडे जाताना त्यांच्यातलं अंतर कमी कमी करत नेलं. वेग तसाच ठेवणाऱ्याला पट्टे भराभर येऊ लागतात, आपण वेग वाढवतोय असा भास होतो आणि पाय आपोआप सैल पडतो. शिकागोत मिशिगन सरोवराकाठच्या एका अवघड वळणाआधीही २००६ मध्ये असेच पट्टे आखले गेले.

झाडांनी हेच काम उभ्या रेषांनी करता येतं. समजा, वेशीपर्यंतच्या शेवटच्या १५० मीटरांत वेग ८० वरून ५० वर आणायचा आहे. त्यासाठी जोराचा ब्रेक लागत नाही. ॲक्सिलरेटर सोडून हलका ब्रेक पुरतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. पहिली झाडं २० मीटर अंतराने लावली, तर दर ०.९ सेकंदाला एक झाड मागे जाईल. ताशी ५० ला हाच ठेका राखायचा तर अंतर साडेबारा मीटर हवं. म्हणून अंतर २०, १९, १८ असं उतरत साडेबारापर्यंत आणायचं. प्रत्येक बाजूला दहाएक झाडं लागतात. जो चालक हळू होत जातो त्याला ठेका एकसारखा वाटतो, जो होत नाही त्याला झाडं अंगावर धावून येतात. शेवटची जोडी रस्त्याच्या थोडी जवळ आणि फांद्या वर जुळतील अशी असावी, म्हणजे दार ओलांडल्यासारखं वाटतं. बाजूच्या उभ्या वस्तूंची उंची रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त झाली की जागा बंदिस्त वाटू लागते आणि वेग उतरतो.

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात काही गावांच्या वेशींवर झाडं आणि कुंपणझुडपं लावून असा प्रयोग झाला. सरासरी वेग ताशी दोन-अडीच किलोमीटरनेच घटला. आकडा किरकोळ वाटतो, पण सर्वांत जोरात येणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे कमी झालं, आणि वेशीवर जीव घेणारे बहुधा तेच असतात.

आता दुसरी बाजू. वेग कमी करणारं झाडच गाडी घसरली की मारक ठरतं. ताशी ८० ने झाडावर आदळणं म्हणजे २५ मीटर उंचीवरून, जवळपास आठ मजल्यांवरून, पडण्याइतका धक्का. ताशी ४० ला तीच उंची सव्वासहा मीटर होते. वेग निम्मा झाला की धक्क्याची ऊर्जा चौथाई होते. त्यातून खोड भिंतीसारखं वागत नाही. भिंतीवर आघात गाडीच्या रुंदीभर पसरतो, खोडावर तो वीतभर जागेत एकवटतो. आडवी घसरलेली गाडी दारावर आदळली, तर चालक आणि खोड यांच्यामध्ये जेमतेम पत्र्याचा दरवाजा उरतो.

जनरल मोटर्सच्या चाचणी-मैदानावरच्या नोंदींवरून १९६० च्या सुमारास असं दिसलं, की रस्ता सोडलेल्या दहांपैकी सुमारे आठ गाड्या कडेला ९ मीटरांची मोकळी, सपाट जागा मिळाली तर सावरतात. तेव्हापासून ‘मोकळी पट्टी’ हा रस्तेबांधणीचा दंडक झाला आणि १० सेंटिमीटरहून जाड खोड अडथळ्यात धरलं जाऊ लागलं. पण हा दंडक सरसकट लावला की झाडं तुटतात, रस्ता डोळ्यांना रुंद दिसतो आणि वेग पुन्हा चढतो.

या पेचातून वाट आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही याची खंत वाटते. डोळ्याला हवी असते उंची, ठळक कडा आणि सरकणारी हालचाल. खोडाच्या ताकदीशी डोळ्याला देणंघेणं नाही. म्हणून रस्त्यालगत बारीक, लवचीक फांद्यांची झुडपं लावावीत आणि मोठी झाडं त्यांच्या मागे, मोकळ्या पट्टीच्या पलीकडे. झुडूप जवळून सरकतं, झाड उंची देतं, आणि घसरलेली गाडी फांद्या मोडत थांबते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाटणी न करणं. आज ३ सेंटिमीटरचं रोप दहा-बारा वर्षांत १५ सेंटिमीटरचं खोड होतं आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी अडथळा तयार होतो. दर दोन-तीन वर्षांनी ही झुडपं बुंध्यापासून छाटावीच लागतात.

वळणावर वेगळा विचार करावा लागतो. वळणाच्या आतल्या बाजूचं झाड नजर अडवतं. ताशी ६० ला विचार आणि ब्रेक मिळून ४५ मीटर लागतात, ८० ला ६८. तेवढा रस्ता पुढे दिसलाच पाहिजे, म्हणून आतली बाजू मोकळी. बाहेरच्या बाजूची रांग मात्र वळण किती तीव्र आहे हे लांबूनच दाखवते. पण गाड्या घसरून जातात त्याच बाजूला, तेव्हा तिथे फक्त झुडपं, किंवा झाडांपुढे संरक्षक कठडा. सर्वांत घातक जागा म्हणजे रस्ता वळतो आणि झाडांची जुनी रांग सरळ जाते ती. रात्री किंवा धुक्यात चालक रांगेचा माग धरतो आणि सरळ शेतात जातो. अशी रांग वळणापाशी तोडून, रस्त्याच्या वळणानुसार नवी लावणं हाच उपाय.

खुद्द रस्त्याची आखणीही चालकाशी बोलत असते. लागोपाठच्या दोन तुकड्यांवर शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत जातात त्या वेगांत १० किलोमीटरपर्यंत फरक असेल तर आखणी चांगली, २० च्या वर गेला तर वाईट, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. लांबलचक सरळ पट्ट्यानंतर अचानक आलेलं तीव्र वळण म्हणूनच माणसं खातं. नेदरलँड्समध्ये ताशी ६० मर्यादेच्या ग्रामीण रस्त्यांवर मध्यरेषा आखतच नाहीत. दोन्ही कडांना तुटक रेषा आणि मध्ये एकच सामाईक पट्टा. समोरून गाडी आली की दोघांनाही हळू होऊन बाजूला सरावं लागतं. मध्यरेषा ‘ही तुझी जागा’ असा भरवसा देते आणि त्या भरवशावर वेग वाढतो. हा उपाय कमी वाहतुकीच्या रस्त्यापुरताच. वर्दळीच्या मार्गावर मध्यरेषा पुसणं म्हणजे समोरासमोर टक्कर ओढवून घेणं. झाडं कडेला फार खेटून लावली तरी हेच होतं, चालक बिचकून मध्याकडे सरकतो.

सावलीचाही हिशेब ठेवावा. ताशी ७२ ने जाताना एकमेकांपासून ५ मीटर अंतरावरची झाडं सेकंदाला चार वेळा ऊन-सावली करतात. बोगद्यातल्या दिव्यांच्या मांडणीत सेकंदाला ४ ते ११ वेळा होणारी लुकलुक वीस सेकंदांहून जास्त टिकू देत नाहीत, कारण ती डोळ्यांना शिणवते. सरळ पट्ट्यावर इतकी दाट, एकसारखी रांग टाळून चार-पाच झाडांचे पुंजके आणि मध्ये मोकळी जागा ठेवली, तर लुकलुक तुटते आणि एकसुरी रस्त्यावर येणारी पेंगही.

लागवड झाली की मोजणी करावी. आधीचा आणि नंतरचा वेग एकाच जागी, एकाच वारी, कोरड्या हवेत मोजायचा. झाडांना पानं असताना एकदा आणि पानगळ झाल्यावर पुन्हा. सहा महिन्यांनी तिसरी मोजणी हवी, कारण रोजच्या चालकांना भासाची सवय होते. वेशीच्या आत दोन-तीनशे मीटरांवरही मोजावं. तिथे वेग पुन्हा चढलेला दिसला, तर झाडांची दुसरी जोडी तिथेच लावावी लागते.