म्हातारचळ

म्हातारचळ : उतारवयात माणसाची बुद्धी चळते, या समजुतीचे मराठीतील रूढ नाव. म्हाताऱ्याची नवी हौस, हट्ट किंवा घरच्यांना न पटणारे मत यांपैकी कशालाही ते लावतात. बहुधा पुरुषाच्या बाबतीत. बाईच्या वाट्याला ‘खाष्ट’ आणि ‘किरकिरी’ येतात.

‘चळ’ हा ‘चळणे’पासून आला, यात वाद नाही. ‘म्हातारा’ सामान्यतः संस्कृत ‘महत्तर’पासून आलेला मानतात. राष्ट्रकूटकालीन दानपत्रांतले महत्तर हे गावचे मानकरी होत. मुंबई-रायगड पट्ट्यातील ‘म्हात्रे’ हे आडनावही काही जण याच शब्दाशी जोडतात, तर काही ‘महामात्र’शी (मोठा अधिकारी). ध्वनिबदल पाहता पहिले मत अधिक सरळ वाटते. ‘थेरडा’ची घसरण याहून मोठी. त्याचे मूळ ‘स्थविर’. पालीतील ‘थेर’ म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. ‘ही काय थेरं चाललीत’मधील थेरांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण याच समजुतीची. ‘नाठी’ म्हणजे नष्ट झालेली (प्राकृत ‘णट्ठ’). साठ हा आकडा यमकासाठी आला, असे म्हणता येईल. सत्तरीला ती सोय नाही. पण हिंदीत यमकावाचूनही ‘सठियाना’ आहे. त्यामुळे साठीची कल्पना यमकाआधीची मानणे सयुक्तिक.

वैद्यकशास्त्र स्मृतिभ्रंशाला वार्धक्याचा अटळ भाग मानत नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्ण स्त्रीची माहिती मांडली, ती पंचावन्नाव्या वर्षी वारली होती, म्हणजे साठीच्या आतच. वयावरून होणाऱ्या भेदभावाला इंग्रजीत स्वतंत्र शब्द मिळाला तो १९६९ मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांच्याकडून. मराठीत ‘वयवाद’ असा पर्याय सुचवतात. तो बोलण्यात रुळलेला नाही.

मुंबईत ही समजूत शिवीपेक्षा काळजीच्या सुरात अधिक ऐकू येते. बँकेच्या खिडकीपाशी पासबुक आजोबांच्या हातात असते, पण ‘यांची सही जुळत नाहीये’ हे सांगितले जाते शेजारी उभ्या मुलाला. ‘तुम्ही बसा, तुम्हाला नाही कळायचं,’ हे वाक्य तर घरोघरचे. लोकलमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव आसने आहेत. ऐन गर्दीत तिथवर पोचणे ही वेगळी गोष्ट.

प्रश्न खरा पेटतो तो जागेवरून. चाळीतली किंवा सोसायटीतली खोली बहुधा वडिलांच्या नावावर असते आणि पुनर्विकासाच्या कागदांवर सही करायला त्यांनी नकार दिला, की म्हातारचळाचे निदान घरातच होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्याने साठ वर्षे पूर्ण झालेल्यास ज्येष्ठ मानले आहे. सांभाळाच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र, ती अट मोडल्यास, कलम २३ खाली रद्दबातल ठरवता येते. ही अट कितपत स्पष्ट दिसायला हवी, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा सूर २०२२ मध्ये काटेकोर होता. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याच्या हेतूकडे पाहून तो अधिक उदार झालेला दिसतो.