गावस्करचे ते ३६

विजय हजारेंच्या सांगलीतसुद्धा भडंग खाता खाता कुणीतरी म्हणतंच, "गावस्कर? साठ षटकांत छत्तीस! त्याला मारताच येत नव्हतं." छत्तीस खरेच. ७ जून १९७५, लॉर्ड्स, विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध, १७४ चेंडू, नाबाद. समोर ३३५चं लक्ष्य असताना! त्या खेळीची बाजू मीही घेणार नाही.

पण 'येत नव्हतं' हे साफ चूक. १९८३ला दिल्लीत वेस्ट इंडिजच्या मार्शल-होल्डिंग या वेगवान जोडीसमोर त्यानं कसोटी शतक ९४ चेंडूंत ठोकलं. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ला नागपुरात, अंगात ताप असताना, न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३. हे त्याच्या १०८ एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक, तेही शेवटून दुसऱ्या सामन्यात. त्याच दिवशी चेतन शर्माची हॅटट्रिक झाली. लोकांना तीच आठवते.