कार्यालयीन लॅपटॉप: वाय-फायची आपोआप जोडणी व तीतले बिघाड

कंपनीच्या लॅपटॉपचे झाकण उघडताच तो कार्यालयाच्या वाय-फायला आपला आपण जोडला जावा, यासाठी केलेली व्यवस्था आणि ती अडल्यास कारण शोधण्याची रीत. घरच्या वाय-फायला एक पासवर्ड पुरतो. तो एकदा भरला की लॅपटॉप लक्षात ठेवतो. कार्यालयात मात्र लॅपटॉपला, आणि बऱ्याचदा तो वापरणाऱ्यालाही, आपली ओळख पटवून द्यावी लागते. म्हणून ‘वाय-फाय लागत नाही’ ही तक्रार पुष्कळदा सिग्नलची नसतेच, ओळखीची असते. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ओळख पटवण्याचे मानक ८०२.१एक्स या नावाने २००१ मध्ये आले. त्यात ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारा डबा, केवळ निरोप्या असतो. लॅपटॉपने दिलेला पासवर्ड वा डिजिटल सर्टिफिकेट (मुदतीचे ओळखपत्र) तो ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे पोचवतो आणि तिकडून होकार आला तरच दार उघडतो. लॅपटॉपच्या बाजूचे काम विंडोज व्हिस्टापासून ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सेवा करते. एक्सपीमध्ये ते ‘वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन’कडे होते. कोणत्या नेटवर्कला, कोणत्या पद्धतीने जोडायचे हे आयटी विभाग प्रोफाइल नावाच्या सूचनापत्रात लिहून ग्रुप पॉलिसी किंवा इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थांमार्फत लॅपटॉपवर पाठवतो.

बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे आधी पाहावे. नेटवर्कचे नावच यादीत नसेल तर ड्रायव्हर, विमान मोड किंवा चॅनल (सिग्नलचा रेडिओ पट्टा) तपासावा; अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला २.४ गिगाहर्ट्झचे १२ व १३ हे चॅनल कित्येकदा दिसत नाहीत. जोडणी झाली पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून पत्ता मिळालेला नाही. नाव दिसते, जोडणी सुरू होते आणि मध्येच तुटते, ही खरी डोकेदुखी.

तिचे एक नेहमीचे कारण खिशात असते. कर्मचारी लॅपटॉपवर पासवर्ड बदलतो, पण फोनमध्ये जुनाच राहतो. फोन बिचारा दर थोड्या वेळाने तोच चुकीचा पासवर्ड सर्व्हरला देत राहतो, शेवटी खाते लॉक होते आणि शिक्षा लॅपटॉपला मिळते. खाते उघडून दिले तरी तासाभरात पुन्हा लॉक होते, कारण फोनकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते.

सर्टिफिकेटची कथा निराळी. त्याची मुदत संपली की वाय-फाय बंद, आणि नवे मिळवायला नेटवर्क हवे: आधी कोंबडी की आधी अंडे. दिवाळीच्या सुटीत कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपचे असे होऊ शकते. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपून घड्याळ काही वर्षे मागे गेले, तर चांगले सर्टिफिकेटही ‘अजून लागू झालेले नाही’ असे ठरते. लॉगिनपूर्वी जोडणी टिकते आणि लॉगिननंतर तुटते, असे दिसल्यास यंत्राची ओळख ठीक असून वापरणाऱ्याच्या ओळखीत खोट आहे असे समजावे.

एकाच सकाळी अनेकांचे वाय-फाय गेले, तर लॅपटॉप उघडत बसू नये. रेडियस सर्व्हरचे सर्टिफिकेट बदलले आणि प्रोफाइलमध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या जुन्याच प्राधिकरणावर विश्वास राहिला, की हे घडते. विंडोजचे अद्यतनही कारण ठरते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ लॅपटॉपवर क्रेडेन्शियल गार्ड हा साठवलेल्या ओळखीचा राखणदार मुळातच चालू असतो. परिणामी पासवर्डवर चालणाऱ्या एमएस-चॅप पद्धतीत लॉगिनचाच पासवर्ड परस्पर वापरण्याची सोय बंद पडते. सर्टिफिकेट व खाते यांची सांगड काटेकोर करणारा बदल मायक्रोसॉफ्टने मे २०२२ मध्ये आणला आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्याची सक्ती सुरू केली. तयारी न केलेल्या ठिकाणी यामुळेही सर्टिफिकेट नाकारली जातात.

तर्कापेक्षा नोंदी पाहणे बरे. ऑटोकॉन्फिगच्या नोंदवहीत ८००१ म्हणजे जोडणी झाली, ८००२ म्हणजे फसली, ८००३ म्हणजे तुटली. सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टचा एनपीएस (रेडियसचे काम करणारा प्रोग्राम) असेल तर नकाराची नोंद ६२७३ या क्रमांकाने होते आणि तिच्यात कारणही लिहिलेले असते. हेल्पडेस्कने दोन्हीकडच्या वेळा जुळवून पाहाव्यात. सर्व्हरवर नोंदच नसेल, तर निरोप तिथवर पोचलेलाच नाही.

‘फर्गेट नेटवर्क’ हा घरगुती उपाय इथे बेताने वापरावा. ग्रुप पॉलिसीचे प्रोफाइल वापरणाऱ्याला सहसा काढता येत नाही. अन्य मार्गाने आलेले काढता आले, तर नवे यायला पुन्हा नेटवर्क लागते. म्हणून दुरुस्तीच्या टेबलाजवळ लॅनची, म्हणजे तारेच्या नेटवर्कची, एक चालू केबल असू द्यावी. तिच्यावर लॅपटॉप लावून पॉलिसी हाताने ताजी करावी, नाहीतर तिच्या नेहमीच्या दीड ते दोन तासांच्या फेरीची वाट पाहावी लागते.

डॉकवर (लॅपटॉप टेबलावर जोडण्याच्या ठोकळ्यावर) लॅन असताना वाय-फाय बंद ठेवण्याची सोय पॉलिसीत आणि काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. डॉकवरून उचललेला लॅपटॉप बैठकीच्या खोलीत मुका होतो, तेव्हा हीच सोय आधी तपासावी.

उलटी तक्रारही येते: वाय-फाय चालू आहे, इंटरनेट आहे, पण कंपनीचे फोल्डर उघडत नाही. अडचणीच्या दिवशी कोणीतरी लॅपटॉप पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडलेला असतो आणि ते नाव यादीत राहून जाते. एकदा त्याला जोडला गेला की प्रोफाइलमध्ये तशी सूचना नसल्यास विंडोज आपणहून दुसरीकडे जात नाही. पाहुण्यांचे नेटवर्क कंपनीच्या लॅपटॉपला दिसूच नये, अशी बंदी पॉलिसीतून घालता येते.